सायकल पोलोची हौशी लीग घ्यायची आहे (पुणे), नियम ठरवायला मदत करा

चेनतुट्या

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका स्केटिंग रिंकवर आम्ही डझनभर टाळकी रविवारी सकाळी सायकल पोलो खेळतो. स्केटिंगचे क्लास संध्याकाळी असतात, सकाळी फक्त आम्ही आणि कडेला प्राणायामवालं मंडळ. हार्डकोर्ट प्रकार आहे, म्हणजे सिमेंटवर, तीन विरुद्ध तीन, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मॅलेट (बॉल मारायचा लांब दांड्याचा हातोडा), आणि पाय जमिनीला टेकला की तुम्ही तात्पुरते बाद. आतापर्यंत मजेत चाललं होतं, नियम म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. पण आता लोक वाढलेत, कॉलेजची दोन पोरं आलीत जी सरळ अंगावर सायकल घालतात, आणि नवीन आलेल्या एका ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं की नियम कुठे लिहिलेत, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

तर दसरा झाला की डिसेंबरपर्यंत, मधले दिवाळीचे रविवार सोडून, आठ रविवारांची लीग घ्यायचा विचार आहे. सकाळी सात ते नऊ.

सध्या काय चालतं ते सांगतो. मॅच दहा मिनिटांची किंवा आधी पाच गोल होतील तिथपर्यंत. बॉल मध्यरेषेवर, दोन्ही टीम आपापल्या गोलमागच्या भिंतीला मागचं चाक लावून उभ्या, "तीन, दोन, एक, पोलो!" म्हटलं की दोन्हीकडून एकेक जण सुसाट बॉलवर. पाय टेकला की मध्यरेषेवरच्या खांबाला मॅलेट लावून यायचं, तोपर्यंत बॉलला हात लावायचा नाही, कुणाच्या वाटेतही यायचं नाही. गोल फक्त मॅलेटच्या डोक्याच्या टोकाने मारलेलाच धरायचा, आडव्या बाजूने ढकललेला (शफल) नाही. गोल झाला की ज्यांच्यावर झाला त्यांच्याकडे बॉल, आणि मारणाऱ्यांनी सगळ्यांनी आपल्या अर्ध्यात परत यायचं, मग पुढे खेळ.

इथपर्यंत वाद नाही. वाद तीन गोष्टींवर आहे: टीम पक्क्या करायच्या का, धक्काबुक्की किती चालवून घ्यायची, आणि शिट्टी कुणाच्या हातात द्यायची. अनुभवी लोकांनी बोलावं, बिनअनुभवी बोलणारच आहेत.

कोथरूड_ब

धागा आवडला. हा खेळ अलीकडचा वाटतो पण नाही. १८९१ साली आयर्लंडमध्ये विकलो परगण्यात रिचर्ड मेक्रेडी नावाच्या सायकलपटूने सुरू केला, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय सामनाही झाला आणि त्यात आयर्लंडने जर्मनीला ३-१ असं हरवलं. तो अर्थात गवतावरचा. तुमचा सिमेंटवरचा प्रकार सिएटलच्या सायकल कुरिअरवाल्यांचा, २००० च्या आसपासचा. दोन पार्सलांच्या मधल्या रिकाम्या वेळात पार्किंगमध्ये खेळायचे.

खटारा_फिक्सी

@कोथरूड_ब, इतिहास झकास, पण आयर्लंडने जर्मनीला हरवून आमची ढोपरं शाबूत राहत नाहीत. आधी ब्रेकचं बोला.

चेनतुट्या, तुझ्या लीगमध्ये सायकल तपासणीचा नियम पहिला पाहिजे, बाकी सगळं नंतर. कारण सांगतो. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या हाताला. मॅलेट उजव्या हातात, म्हणजे तुझ्या डाव्या हातात फक्त मागचा ब्रेक उरला. नवीन माणसाला हे बरं आहे, तोंडावर आपटणार नाही, चाक घसरेल फार तर. पण थांबायला अंतर जास्त लागतं आणि छोट्या कोर्टवर तेवढं अंतर असतं कुठे, मग तो भिंतीत नाहीतर दुसऱ्याच्या चाकात जाऊन थांबतो. म्हणून थोडं खेळलेले लोक पुढचा ब्रेक डाव्या हाताला घेतात. व्ही-ब्रेक किंवा केबलवाला डिस्क असेल तर मेकॅनिक दहा मिनिटांत वायर फिरवून देतो, जुन्या दांड्यांच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकलीला ते जमत नाही, ती आणूच देऊ नका. एकाच लिव्हरला दोन्ही वायरी लागतात तसलं लिव्हर मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि पुढचा ब्रेक नुकताच डावीकडे घेतलेल्या माणसाला पहिला तासभर एकट्याला गोल गोल फिरवा. हाताला सवय नसते, घाईत करकचून दाबतो आणि हँडलवरून पुढे जातो. बघितलंय.

बाकी तपासणी: हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवंच, उघडा पाइप पोटात घुसला तर कापतो. स्टँड, कॅरिअर, घंटी, बाटलीचा पिंजरा काढा. गिअरची सायकल असेल तर हलक्या गिअरवर ठेवून द्या, सिंगल स्पीड असेल तर पुढे ३२ दात आणि मागे २० च्या आसपास असं काहीतरी, इथे वेग नाही लागत, उभ्या जागेवरून उचल लागते. आणि मागच्या-पुढच्या चाकाला झाकणं. सनपॅक शीट कापून स्पोकना झिपटायने बांधायची. निवडणुका झाल्या की उमेदवारांचे बोर्ड रद्दीत ढिगाने मिळतात, आमच्या एका मित्राच्या चाकावर एक माजी नगरसेवक अजून फिरतोय.

रंकाळा_एक्स्प्रेस

नगरसेवक फिरतोय 😂😂 मेलो.

भावा चेनतुट्या, लीग म्हणली की टीम पक्क्याच पायजेत. नाव पायजे, टी-शर्ट पायजे, कॅप्टन पायजे. त्याशिवाय ईर्षा कशी येणार? आमच्याकडं फुटबॉलला तालमीतालमीत किती जीव टाकत्यात बघ. नुसतं मिसळून खेळायचं तर ते रोजचंच झालं की, त्याला लीग कशाला म्हणायचं.

संत्रानगरी

भाऊ, आमच्याकडे नागपूरला सायकल पोलो जुनाच आहे, पण तो मैदानावरचा. मोठं मैदान, दीडशे मीटर लांब न् शंभर मीटर रुंद पर्यंत, मैदानात चार-चार जण, साडेसात मिनिटांचे चार चक्कर (डाव). फेडरेशन १९६६ पासून आहे, आर्मी, एअर फोर्सच्या टीमा राहतात, नॅशनल होते. तुम्ही लोक स्केटिंगच्या रिंकवर काय करून राहिले समजून नाही राहिलं. फेडरेशनच्या नियमाने खेळा ना, सगळं लिहिलेलं आहे, कोणाला विचारायचं कामच नाही.

चेनतुट्या

@संत्रानगरी दादा, तुमच्याकडचा खेळ मोठा, मान्यच. पण दीडशे बाय शंभर मीटर रिकामं मैदान पुण्यात कुणी दिलं तर आधी त्यावर क्रिकेटच्या आठ मॅच एकाच वेळी चालू होतात, आपल्या फील्डरला शेजारच्या मॅचचा कॅच येतो. आमची रिंक साधारण चाळीस बाय वीस, हँडबॉलच्या कोर्टाएवढी, कडेने कमरेएवढी भिंत. तुमचे नियम इथे बसत नाहीत, कारण तुमच्यात बॉल बाहेर जातो आणि आमच्यात भिंतीवरून परत येतो. अर्धा खेळ भिंतीचाच आहे.

@रंकाळा, टीमचं माझंही मत तुझ्यासारखंच होतं, आता डळमळतंय, बाकीच्यांचं ऐकू.

@खटारा_फिक्सी ब्रेकचं सगळं घेतलं. तपासणी पहिल्या रविवारी करून सायकलवर चिकटपट्टी लावू.

अनघा_सातारकर

मी वर उल्लेखलेली "एक ताई" नाही पण तिचा प्रश्न माझाही आहे. मी दोनदा खेळायला गेले होते (दुसऱ्या शहरात, दुसरा ग्रुप) आणि सोडून दिलं. पडायला हरकत नाही हो, पडणं धरूनच जातो आपण. पण मी बॉल घेऊन भिंतीकडेने चाललेय आणि एक सहा फुटी मनुष्य आडवा येऊन माझ्या पुढच्या चाकावर धाडकन सायकल घालतो आणि वर म्हणतो "काँटॅक्ट स्पोर्ट आहे मॅडम". तर काँटॅक्ट म्हणजे नक्की काय हे आधी लिहा. धक्का मारणं आणि पाडणं यात फरक आहे की नाही? आणि असेल तर तो रेफरीला दिसतो का? ज्या नियमाचा भंग बाहेर उभ्या माणसाला दिसत नाही तो नियम कागदावरच राहतो.

स्प्री_काठचा

मी बर्लिनमध्ये खेळतो (२०१० ची हार्डकोर्टची जागतिक स्पर्धा इथेच झाली होती, तेव्हा मी नव्हतो). अनघाताई, तुम्ही सांगितलं तो सरळसरळ फाउल आहे, कुठल्याही चांगल्या कोर्टवर त्या माणसाला बाहेर बसवतील.

तत्त्व सोपं आहे: सारख्याने सारख्याला. अंगाने अंगाला, सायकलने सायकलला, मॅलेटने मॅलेटला. माझा खांदा तुमच्या खांद्याला लागला, चालतं. माझी मॅलेट तुमच्या मॅलेटला अडवते, चालतं. माझी मॅलेट तुमच्या हाताला, अंगाला किंवा स्पोकमध्ये गेली, फाउल. हाताने ढकललं, धरलं, कोपर काढलं, फाउल. सायकलने सायकलला म्हणजे दोघं एकाच दिशेने, बाजूबाजूने चाललेत आणि एक दुसऱ्याला रेटत भिंतीकडे नेतोय, एवढंच. आडवं येऊन काटकोनात घुसणं याला टी-बोन म्हणतात आणि हा सगळ्यात मोठा गुन्हा, कारण पुढचं चाक अडलं की माणूस हँडलवरून जातो, त्याच्या हातात काहीच राहत नाही.

रेफरीला दिसतं का? दिसतं, कारण तो जोर बघत नाही, दिशा बघतो. धक्का "जोरात होता का" यावर वाद संध्याकाळपर्यंत चालेल. "दोघं एका दिशेला होते की नाही" हे दहा मीटरवरून कुणालाही कळतं. नवशिक्यांच्या लीगमध्ये मी तर म्हणेन खांद्याचा धक्कासुद्धा फक्त बॉल ज्याच्याकडे आहे त्यालाच मारू द्या.

अजून एक, ते सुरुवातीचं सुसाट धावणं. ते दिसायला भारी पण अपघात तिथेच होतात. दोघंही उजव्या हाताने खेळत असतील तर दोघंही बॉल आपल्या उजवीकडे ठेवून येतात, बॉल मध्ये राहतो आणि सायकली एकमेकांच्या बाजूने निघून जातात. पण एखादा डावखुरा असेल तर तो बॉल डावीकडे ठेवणार, म्हणजे दोघं एकाच रेषेत समोरासमोर. तुमच्यात डावखुरा कुणी आहे का ते बघा.

चेनतुट्या

आहे! आणि तोच सगळ्यात जोरात जातो.

खटारा_फिक्सी

मग त्याला नियम लावा की सुरुवातीला बॉल उजवीकडेच ठेवून जायचं, उलट्या बाजूने मारायचा असला तर मार. घोड्यावरच्या पोलोत तर डाव्या हाताने खेळायलाच बंदी आहे, कारण हेच.

अनघा_सातारकर

@स्प्री_काठचा, "जोर बघत नाही, दिशा बघतो" हे पटलं. हे असंच्या असं नियमात घ्या.

पण सुरुवातीची धाव नवशिक्यांच्या लीगला हवीच कशाला? टॉस करा, जिंकेल त्याचा बॉल.

रंकाळा_एक्स्प्रेस

अवो ताई, ती धाव काढली तर प्रेक्षकांनी बघायचं काय 😀

पेन्शनर_काका

प्रेक्षक म्हणजे प्राणायामवालंच मंडळ ना? त्यातलाच मी एक होतो. वर्षभर बघत बघत शेवटी सायकल घेऊन उतरलो. वय एकसष्ट. बहुतेक वेळा गोलवर असतो.

दोन मुद्दे. एक, गोल म्हणून तुम्ही दोन कोन ठेवता त्यावरून भांडणं होतात. कोनच्या वरून गेला की आतून गेला, कोण सांगणार? माझ्याकडे प्लंबिंगचे जुने पाइप पडले होते, त्यातून सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी चौकट करता येईल, मागे केळीवाल्याकडची जाळी. बॉल जाळीत दिसला की गोल, विषय संपला. चौकट पाण्याच्या कॅनने मागून दाबायची, सिमेंटला भोकं पाडायची नाहीत, रिंक आपल्या मालकीची नाही.

दोन, गोलकीपरला लोक जाणूनबुजून ठोकतात. तो उभ्या जागी मॅलेटवर रेलून तोल सांभाळत असतो, त्याला नुसतं बोट लावलं तरी पाय टेकतो. पाय टेकला की तो नियमाने मधल्या खांबापर्यंत जाणार, तोपर्यंत गोल मोकळा! त्यामुळे थांबलेल्या गोलकीपरला धक्का नाही, असा नियम हवा. आणि त्याच्या बदल्यात गोलकीपरने चौकटीला धरून उभं राहायचं नाही, हेही लिहा. आमच्यातले काही जण धरतात. मी धरत नाही.

हेल्मेटबद्दल: साधं सायकलचं हेल्मेट डोकं वाचवतं, दात नाही. मी नातवाचं जाळीवालं क्रिकेटचं वापरतो. गरम होतं पण दात माझे आहेत, कवळी नाही, टिकवायचे आहेत.

चेनतुट्या

काका 🙏 चौकट तुमच्याकडे. मॅलेटवर रेलायला हरकत नाही, चौकट धरली तर पाय टेकल्यासारखंच समजू.

आता टीमचा विषय घेऊया का? तो अडकलाय.

हिशेबी_माणूस

घ्या, मी आकडे मांडतो, मग भांडा.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं. मॅच १० मिनिटं आणि आत-बाहेर व्हायला ३, म्हणजे एका रविवारी ९ मॅच, त्यापेक्षा जास्त होत नाहीत, कितीही घाई करा. पक्क्या सहा टीम केल्या तर १८ माणसं, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा म्हणजे १५ मॅच. आठ रविवारांत ७२ मॅच बसतात, म्हणजे चार फेऱ्या (६०) आणि वर बाद फेरीला भरपूर जागा. कागदावर अतिशय सुंदर.

आता नोव्हेंबर-डिसेंबर आहे. लग्नसराई. पक्क्या टीममध्ये तीनच जण, राखीव कुणी नाही. एका माणसाच्या मेव्हणीचं लग्न निघालं की त्याची टीम त्या रविवारी नाही. प्रत्येक टीमच्या एका रविवारी ३ मॅच असतात, म्हणजे एक माणूस गैरहजर आणि ९ पैकी ३ मॅच गेल्या. दोन टीममधला एकेक जण गैरहजर असेल तर अर्ध्याहून जास्त रविवार बोंबलला, आणि जे बिचारे सहाला उठून आलेत ते "चाल मिळाली" म्हणून गुण घेऊन चहा प्यायला जाणार. आमची बॉक्स क्रिकेटची लीग अशीच मेली, हरून कुणी सोडली नाही, समोर कुणी येईना म्हणून सोडली.

रंकाळा_एक्स्प्रेस

मग राखीव घ्या की. चार-चार जणांची टीम.

हिशेबी_माणूस

चार-चार म्हणजे २४ माणसं हवीत, चेनतुट्या म्हणतोय डझनभर आहेत. आणि जो चौथा आहे तो चारही आले की बाहेर बसणार, तो तिसऱ्या रविवारी येतो का बघ.

स्प्री_काठचा

इथे रोजच्या खेळात टीम कशा पाडतात ते सांगतो, कदाचित तेच उत्तर असेल. खेळायला तयार असतील ते सगळे आपापली मॅलेट कोर्टच्या मध्यभागी टाकतात, सहा मॅलेटचा ढीग, एक जण पाठ करून किंवा डोळे मिटून एक मॅलेट इकडे, एक तिकडे असं वाटत जातो. तीन इकडे, तीन तिकडे, झाल्या टीम. पुढच्या मॅचला पुन्हा ढीग.

लीग यावरच करता येते. टीमला गुण द्यायच्या ऐवजी माणसाला द्यायचे. जिंकलेल्या तिघांना दोन-दोन, बरोबरीला एक-एक. जो आला तो खेळला, जो नाही आला त्याच्यामुळे कुणाचं अडत नाही.

कोथरूड_ब

आणि मग प्रत्येक जण आपल्यापुरता खेळणार, पास कोण देणार?

स्प्री_काठचा

गोलांना गुण नाहीतच ना, जिंकण्याला आहेत. पास न देता हरलास तर शून्य. उलट असं होतं की आज ज्याला तुम्ही तुच्छतेने "कच्चा लिंबू" म्हणताय तो पुढच्या मॅचला तुमच्या टीममध्ये येऊ शकतो, त्यामुळे त्याला शिकवायला सगळे तयार असतात. पक्क्या टीममध्ये समोरच्याचा कच्चा लिंबू कच्चाच राहिलेला बरा असतो.

अनघा_सातारकर

हे वाचून पहिल्यांदा परत खेळावंसं वाटलं.

रंकाळा_एक्स्प्रेस

मला नाय पटलं. नशिबाचा खेळ झाला. माझ्या वाट्याला दर वेळी काका आले तर? (काका राग मानू नका)

पेन्शनर_काका

राग नाही. तुझ्या वाट्याला मी आलो तर तुझा गोल राखला जाईल. तू पुढे जाऊन परत येत नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतंय.

संत्रानगरी

काकांनी घेतली बे याची 😂

हिशेबी_माणूस

नशीब एका मॅचला असतं, वीस मॅचना नसतं. १२ जण आले तर ९ मॅचमध्ये ५४ जागा, माणशी साडेचार. १६ आले तरी माणशी तीनच्या वर. आठ रविवारांत नियमित येणाऱ्याच्या तीसेक मॅच होतात. दर वेळी वेगळे साथीदार, म्हणजे तीस मॅचनंतर जो वर आहे तो खेळूनच वर आहे.

पण बेरीज करू नका, मॅचमागे सरासरी काढा, नाहीतर जो जास्त रविवार आला तोच जिंकेल. किमान १५ मॅच खेळलेल्यालाच क्रमवारी.

खटारा_फिक्सी

आणि १५ मॅचनंतर जो पहिला आहे तो सरासरी सांभाळायला घरी बसला तर? मी तर बसेन.

हिशेबी_माणूस

हं. बरोबर पकडलंस. मग क्रमवारीने बक्षीस नाही, क्रमवारीने शेवटच्या रविवारची जागा. सात रविवार ढिगाने खेळायचं, आठव्या रविवारी वरच्या बारा जणांच्या चार पक्क्या टीम. पहिला, आठवा आणि नववा एका टीममध्ये, दुसरा, सातवा, दहावा दुसरीत, तिसरा, सहावा, अकरावा तिसरीत, चौथा, पाचवा, बारावा चौथीत. चार टीम म्हणजे सगळ्यांशी एकेकदा ६ मॅच, मग फायनल आणि तिसऱ्या नंबरची, एकूण ८, नवाच्या आत. घरी बसणाऱ्याच्या हाताची सवय जाईल आणि शेवटच्या दिवशी मार खाईल, त्याची काळजी आपण नको. रंकाळाला त्या दिवशी नाव, टी-शर्ट, कॅप्टन सगळं मिळेल.

रंकाळा_एक्स्प्रेस

हे चालतंय. नाव आत्ताच सांगून ठेवतो, तांबडा पांढरा.

चेनतुट्या

हिशेबी, तू खेळायला ये नाहीतर निदान कागद-पेन घेऊन कडेला बस. ठरलं हे.

रेफरीचं? बाहेरचा माणूस कुणी मिळणार नाही, मिळाला तरी पैसे मागणार.

स्प्री_काठचा

ज्यांची मॅच नुकतीच संपली त्यातले दोघं पुढच्या मॅचला रेफरी, एकेका गोलच्या मागे. हे कामाचं म्हणून ठेवा, उपकाराचं नको: रेफरी न झाल्यास पुढच्या ढिगात मॅलेट टाकता येणार नाही. शिक्षा दोनच ठेवा. साधा फाउल म्हणजे बॉल समोरच्यांना. टी-बोन, मॅलेटने अंगावर, मॅलेट फेकणं, तोंडाळपणा यांना अर्धा मिनिट बाहेर, दोनाविरुद्ध तीन. एका सकाळी दोनदा बाहेर गेला की त्या दिवशी घरी. दोनाविरुद्ध तीन खेळताना तीस सेकंद किती लांब असतात ते एकदा भोगलं की पोरं आपोआप आडवी यायची थांबतात.

अनघा_सातारकर

पाय टेकल्याचं कोण बघणार? सहा जण, बारा पाय.

चेनतुट्या

ते ज्याचं त्याने. आमच्यात ते आधीपासून प्रामाणिकपणे चालतं, कारण न सांगता खेळत राहिलास तर पाच जण एकदम ओरडतात. खांबाला जुन्या सायकलची घंटी बांधलीये, मॅलेटने ती वाजली पाहिजे, म्हणजे "मी लावून आलो" हा वाद नाही. भांडणं कमी करायला या घंटीएवढं कामाचं आमच्याकडे दुसरं काही नाही.

नवखा_नवनाथ

मी नवीन, प्रश्न बाळबोध असेल. मॅलेट कुठे मिळते? ऑनलाइन बघितली तर परदेशातून येते आणि किमतीत माझी सायकल येईल.

खटारा_फिक्सी

विकत नको घेऊस, बनव. डोक्यासाठी एचडीपीईचा काळा पाइप, बोअरवेलला किंवा शेतीच्या पाइपलाइनला टाकतात तो, ६३ मिलीमीटरचा, जाड भिंतीचा. दुकानदार पूर्ण गुंडाळी विकायला बघेल, त्याच्याकडे तुकडे पडलेले असतात ते माग. बारा-तेरा सेंटीमीटर कापायचा. पांढरा पीव्हीसी घेऊ नको, सिमेंटवर दोन रविवारांत फुटतो आणि फुटलेली कड चाकूसारखी असते. दांडा अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचा, फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळतो, पाऊण इंची. बाहेरचे लोक स्कीइंगच्या काठ्या वापरतात, आपल्याकडे बर्फ नाही. पाइपला आरपार भोक, दांडा घट्ट बसेल असं, आणि आडवा बोल्ट. बोल्टचं डोकं बाहेर डोकावलं तर ग्राइंडरने सपाट करून घे. वरच्या टोकाला बूच आणि बॅटची रबरी ग्रिप. लांबी: सायकलवर बसून, हात सरळ सोडून, मॅलेटचं डोकं जमिनीला टेकेल एवढी, मग थोडी जास्त ठेव, कापता येते, जोडता येत नाही.

टोकाने मारायला शिक आधी. आडव्या बाजूने बॉल नेणं सोपं, सगळे तेच करतात, पण गोलसमोर आलं की मॅलेट फिरवून टोक लावावं लागतं आणि तेवढ्यात बॉल गेलेला असतो. घरासमोर भिंतीवर मार, सायकलवर बसूनच.

संत्रानगरी

बॉल कोणता घेता? आमचा मैदानाचा मोठा राहते.

चेनतुट्या

रस्त्यावरच्या हॉकीचा केशरी, टेनिस बॉलएवढा पण न उसळणारा. तीन मागवलेत, एक प्राणायामवाल्यांच्या मागच्या झाडीत आहे. टेनिस बॉलने खेळू नका, उसळून तोंडावर येतो.

चला, सुधारित मसुदा. कुणाला शब्द बदलायचा असेल तर या आठवड्यात सांगा, नंतर छापून रिंकच्या जाळीवर लावणार.

सायकल तपासल्याशिवाय कोर्टवर नाही: हाताला येणारा चालू ब्रेक, हँडलला बूच, चाकाला झाकण, बाकी लटकणारं काही नको. हेल्मेट सगळ्यांना, गोलवर उभं राहणाऱ्याला जाळीचं (दोन कॉमन ठेवू). अठराच्या आतल्यांना पालकांची सही, बाकीच्यांनी आपली आपण. मॅच दहा मिनिटं किंवा पाच गोल. सुरुवातीची धाव पहिले तीन रविवार नाही, टॉस. चौथ्यापासून धाव, दोघांनीही बॉल उजवीकडे ठेवून. पाय टेकला की घंटी. गोल टोकाने. सारख्याने सारख्याला, धक्का फक्त बॉलवाल्याला आणि फक्त एका दिशेने जाताना, रेफरी जोर नाही दिशा बघेल. थांबलेल्या गोलकीपरला हात लावायचा नाही, गोलकीपरने चौकटीला हात लावायचा नाही. मॅलेट खांद्याच्या वर न्यायची नाही. अर्धा मिनिट, मग घरी. सात रविवार मॅलेटचा ढीग, माणशी गुण, सरासरी, किमान १५ मॅच. आठव्या रविवारी चार टीम. वर्गणी बॉल, जाळी आणि प्रथमोपचाराच्या पेटीपुरती, हिशेब हिशेबीकडे.

कोथरूड_ब

एक राहिलं. बरोबरी झाली तर? साखळीत ठीक आहे, एक-एक गुण. फायनलला?

हिशेबी_माणूस

पुढचा गोल मारेल तो जिंकला. वेळ नाही.

पेन्शनर_काका

आणि साडेनऊच्या आत कोर्ट झाडून द्यायचं, टायरचे काळे पट्टे पुसून. रिंकची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना मी शब्द दिला आहे. घसरत ब्रेक मारणाऱ्याने स्वतः पुसायचं.

रंकाळा_एक्स्प्रेस

कशानं पुसायचं? जात नाय ते.

पेन्शनर_काका

रॉकेल मिळत नाही आता. थिनर आणतो मी, फडकं तू आण.

अनघा_सातारकर

डिसेंबरात पुण्यात असणार आहे, दोन-तीन रविवार जमतील. किमान १५ मॅच होणार नाहीत म्हणजे क्रमवारीत नाही, पण ढिगात मॅलेट टाकता येईल ना?

चेनतुट्या

येईल की. मॅलेट नसेल तर काकांकडे एक जास्तीची आहे, दांडा थोडा वाकडा आहे पण टोक चांगलं आहे.